पिचकारीने आत सोडायचं मुरवण : अख्खी कोंबडी आणि पोर्कचा खांदा

लोकमान्यनगरकर

नमस्कार मंडळी. इंदुरात थंडी पडली की आमच्या गच्चीवर बाफल्यांच्या (कणकेचे गोळे उकडून मग भाजतात ते) ओव्हनमध्ये अख्खी कोंबडी भाजायचा बेत ठरलेला असतो. अर्धे पाहुणे दाल-बाफल्यांवर, अर्धे कोंबडीवर. दही, आलं-लसूण, काश्मिरी मिरची, धणे-जिरे असा मसाला रात्रभर लावून ठेवतो. तंगडी आणि मांडी झकास होते. छाती मात्र दर वेळी दगा देते. सालीलगतचा पापुद्रा चविष्ट आणि त्याच्या आत पांढरं, कोरडं, अळणी मांस. सुरी फिरवली की तंतू सुटे होऊन पडतात, ताटात रसाचा थेंब नाही.

यंदा बहिणीने मांसात मुरवण टोचायची स्टीलची पिचकारी आणून दिलीय. सोबत दोन सुया. एकीला टोकाशी तिरपं मोठं भोक आहे, दुसरीचं टोक बंद आणि अंगावर बारीक भोकं. आता आत भरायचं काय? नेहमीचा मसाला पातळ करून चालेल का? किती आणि किती वेळ आधी? महूचा एक मित्र पोर्कचा खांदाही आणतो म्हणतोय, दोन किलोचा, बिनहाडाचा. त्याला हेच चालेल की वेगळं करावं लागेल? नेटवरच्या कृतींत सगळी मापं कपाने आणि चमच्याने, तीही भल्यामोठ्या टर्कीसाठी. आपल्या दीड किलोच्या ब्रॉयलरला ती कशी लावायची ते कळेना.

सुदामानगरची_सुगरण

दादा, मला विचाराल तर पिचकारीची गरजच नाही. माझ्या सासरी कोंबडीला हाडापर्यंत खोल चिरा देतात आणि मसाला चिरांमध्ये बोटाने दाबून भरतात. रात्रभर मुरली की चव आतपर्यंत जाते. पिचकारी वापरायचीच असेल तर तेच दही ताकासारखं पातळ करून भरा. वेगळं पाणी कशाला?

रामबागेतली_रेवा

वाचतेय. आमच्याकडेही छातीचीच रड आहे. लेगपीसवरून भांडणं होतात आणि ब्रेस्ट दुसऱ्या दिवशी सँडविचमध्ये जातं.

तोलूनमापून (वडोदरा)

माझी नोकरी मांसप्रक्रियेत गेली, त्यामुळे या धाग्यावर जरा सविस्तर लिहितो.

सुगरणताई, तुकड्यांना चिरा देणं योग्यच आहे. पण अख्ख्या कोंबडीच्या छातीवर चिरा दिल्या की ज्या वाटेने मसाला आत जातो त्याच वाटेने भाजताना रस बाहेर येतो. आणि मसाला आत जातो असं आपल्याला वाटतं तितका तो जात नाही. हळद, मिरची, गरम मसाला, लसूण यांची चव काही मिलिमीटरच्या पलीकडे पोचत नाही, रात्रभर ठेवा की दोन रात्री. खोल शिरतं ते मीठ, आणि तेही सावकाश. छातीचा जाड भाग सहज तीनेक सेंटिमीटरचा असतो. म्हणून मधलं मांस अळणी राहतं.

आता कोरडेपणाचं. मांस तापलं की साधारण ५० अंश सेल्सियसपासून त्यातली प्रथिनं आकसू लागतात, आणि ६५ च्या पुढे तर ओला पंचा पिळावा तसं पाणी बाहेर पडतं. मांडीत चरबी आणि चिवट जोडऊती (स्नायूंना बांधून ठेवणारे पापुद्रे आणि धागे) असते, ती वितळून तोंडात ओलावा देते. छातीत यातलं काहीच नसतं. मांसात आधीच पुरेसं मीठ मुरलेलं असेल तर तंतूंमधली प्रथिनं थोडी सैलावतात, फुगतात, आणि तापल्यावरही पाणी बऱ्यापैकी धरून ठेवतात. पिचकारीचं खरं काम हे आहे : मोजून मीठ आणि मोजून पाणी मधोमध पोचवणं. बाकीची चव ही वरची मिळकत. ज्यांनी हा क्रम उलटा केला त्यांच्याकडे आत मसाल्याची गाठ आणि भोवती अळणी मांस अशी कोंबडी होते.

हिशेब वजनाने करा, चमच्याने नाही. बारीक मीठ एका चमच्यात पाच-सहा ग्रॅम बसतं, जाडं किंवा सैंधवाचे खडे त्याहून कमी. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरे.

दीड किलोची, सालीसकट साफ केलेली कोंबडी असेल तर त्यात हाडं वगळून मांस साधारण किलोभर धरा. कोंबडीच्या एकूण वजनाच्या १० टक्के पाणी आत सोडायचं, म्हणजे १५० मिली. मीठ १५ ग्रॅम, साखर ७-८ ग्रॅम. सगळं मुरल्यावर मांसात मीठ सव्वा ते दीड टक्क्याच्या आत राहतं आणि आपल्या जिभेला ते नेमकं लागतं. यानंतर वरून जो दह्याचा मसाला लावाल त्यात मीठ अजिबात घालू नका. पहिल्यांदा करणारे हमखास इथेच चुकतात आणि मग पिचकारीला नावं ठेवतात.

लोकमान्यनगरकर

दादा, फार आभार. आता या पाण्यात चवीला लसूण-मिरी कशी घालायची ते सांगा. आणि सुगरणताईंनी सुचवलेल्या पातळ दह्याचं?

तोलूनमापून (वडोदरा)

दही कितीही घुसळलं तरी त्याचे कण राहतात आणि सुईच्या बाजूच्या भोकांत बसतात. मग जोर लावून दट्ट्या दाबला की सगळं एकदम फवारा होऊन भिंतीवर. दह्याची चव हवीच असेल तर ते मलमलीत बांधून टांगा आणि खाली गळलेलं पिवळसर पाणी वापरा. पण आंबट बेताने. आंबट जास्त झालं की सुईभोवतालचं मांस आधीच पांढरं, भुसभुशीत होतं. लिंबाचंही तसंच. लिंबू भाजून झाल्यावर पिळा, तिथे त्याचा खरा उपयोग आहे.

पाण्याची रीत अशी. पाव लिटर पाण्यात चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून, आल्याचा पेराएवढा तुकडा, दहाएक काळी मिरी, एक तमालपत्र घाला. मंद आचेवर दहा मिनिटं उकळू द्या. मग आधी गाळणीतून आणि नंतर दुहेरी मलमलीतून गाळा. गाळल्यावर मोजा. १५० मिलीच्या वर असेल तर आटवा, कमी असेल तर साधं पाणी घाला. मीठ-साखर आता विरघळवा. आधीच घातलं तर पाणी आटेल तसं प्रमाण बदलत जातं. मग फ्रीजमध्ये ठेवून पार गार करा. कोमट पाणी गार मांसात सोडायचं नाही, कारण आतला भाग पुन्हा थंड व्हायला तासन् तास लागतात आणि तेवढ्यात जंतू वाढतात.

आलं उकळायचं कारण फक्त चव नाही. कच्च्या आल्याच्या रसात मांस विरघळवणारं एंझाइम असतं. कच्ची पपई आणि ताजा अननस यांत ते आणखी जोरकस. बाहेरून थोडा वेळ लावायला पपई ठीक, आत टोचली तर मात्र सुईच्या रेषेत मांसाचा लगदा होतो. पपईतलं एंझाइम भाजतानाही ६०-७० अंशांपर्यंत काम करत राहतं, त्यामुळे ओव्हनमध्ये गेल्यावर ते थांबेल असं समजू नका.

झाबुआचा_जावई

छान माहिती. माझा प्रश्न कडकनाथबद्दल. सासरहून दर वेळी मिळतो. झाबुआच्या कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून पाहुण्यांनाही तोच हवा असतो. पण मांस जात्याच दाट, चरबी नावाला, आणि कोंबडा जून असला तर चावता चावत नाही. पिचकारीने मऊ होईल का?

तोलूनमापून (वडोदरा)

नाही होणार, जावईबापू. चिवटपणा दोन तऱ्हेचा असतो. एक, पाणी गेल्यामुळे आलेला कोरडेपणा. त्यावर मीठ-पाणी हा इलाज आहे. दुसरा, जून पक्ष्याच्या जोडऊतीचा. तिला मऊ व्हायला ओलावा, मंद आच आणि वेळ लागतो. कडकनाथ अख्खा भाजायच्या भरीला पडू नका. जाड बुडाच्या पातेल्यात, झाकणाला कणीक लावून, रश्श्यात दीड-दोन तास शिजवा. अगदी कोवळा असेल तरच पिचकारी वापरून भाजा.

सुदामानगरची_सुगरण

पटलं. माझ्या सासूबाई जून कोंबडा नेहमी रश्श्यातच करायच्या, भाजायला कोवळाच निवडायच्या. कारण आज कळलं.

दह्याचा आग्रह सोडते, पण जिरावण? पोह्यांवरचं आपलं जिरावण या पाण्यात उकळलं तर? इंदुरी कोंबडीला इंदुरी चव.

रामबागेतली_रेवा

जिरावण!! +१

तोलूनमापून (वडोदरा)

चालेल ना. फक्त जिरावणात मीठ, काळं मीठ आणि आमचूर असतो. एक चहाचा चमचा जिरावण घातलंत तर मीठ दोनेक ग्रॅमने कमी करा आणि गाळलेलं पाणी चाखून बघा. ते खारट लागायलाच हवं, कारण दहापट मांसात पसरणार आहे. समुद्राच्या पाण्याहून खारट असं हे पाणी. आणि गाळणं दोनदा. जिरावण फार बारीक दळलेलं असतं, मलमलीतूनही गाळ उतरतो. पाणी गार झालं की गाळ तळाशी बसतो, वरचंच घ्या. माझी पसंती मात्र जिरावण वरून, भाजून झाल्यावर गरम सालीवर भुरभुरण्याला. हिंग आणि बडीशेपेचा वास उकळण्यात बराच उडून जातो.

ह्यूस्टनचा_इंदुरी

मी मूळचा राजेंद्रनगरचा, आता ह्यूस्टनला. शेजारच्या लुइझियानात केजन लोकांचा हा हातखंडा आहे. थँक्सगिव्हिंगला अख्खी टर्की टोचून तेलात तळतात. त्यांच्या पाण्यात लोणी, लसणाचा अर्क आणि तिखट सॉस असतं. लोण्याचं एक सांगतो : कोमट असताना ते सुईतून सहज जातं, पण गार मांसाला लागलं की तिथेच गोठतं आणि सुईही बुजते. तुपाचं तसंच होईल. मी लोणी सालीखाली, हाताने, सुक्या मसाल्यात कालवून पसरवतो. साल कुरकुरीत होते आणि छातीला वरून तुपटपणा मिळतो.

पोर्कच्या खांद्याला इकडच्या बार्बेक्यू स्पर्धांमध्ये सफरचंदाचा रस, पाणी, साखर, मीठ आणि वुस्टरशर सॉस टोचतात. तुमच्याकडे तयार सफरचंद रस मिळतोच.

एक सावधगिरी. इथे दुकानात मिळणारी बरीच कोंबडी-टर्की आधीच मिठाच्या पाण्याने टोचलेली असते, पाकिटावर तसं छापलेलं असतं. तुमच्याकडचं गोठवलेलं पाकीट वापरणार असाल तर मागचं लेबल वाचा. घटकांत मीठ आणि फॉस्फेट दिसलं तर पुन्हा टोचू नका.

महूवाले_काका

पोर्कचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या छावणीच्या गावात फौजी मंडळी आणि ख्रिश्चन शेजारी यांच्यामुळे पोर्क घराघरात ओळखीचं. नाताळात शेजारी भाजलेला खांदा असतोच.

लोकमान्यनगरकर, तुझ्या मित्राला सांग, खांद्यावरची चरबीची टोपी काढू नकोस, बोटाच्या पेराएवढी ठेव. खांदा हा कष्टाचा स्नायू, त्यात जोडऊती भरपूर. तो कोंबडीसारखा ७०-७५ अंशांवर काढला तर चावताना दोरखंड. ९०-९५ पर्यंत मंद आचेवर न्यायचा, मग काट्याने ओढला की उसवतो. दोन किलोला तीन-चार तास सहज लागतात. इतका वेळ भाजायचं म्हणूनच आत रस भरून ठेवणं फायद्याचं.

सिरका आमच्याकडे घालतात, पण आत नाही. गोव्याच्या पद्धतीचा सिरका-मिरचीचा मसाला बाहेरून चोळतात. आत गोडसर, खारट. बाहेर आंबट, तिखट.

तोलूनमापून (वडोदरा)

काकांशी पूर्ण सहमत. दोन किलो बिनहाडाच्या खांद्याला २०० मिली पाणी होतं. त्यात १५० मिली गाळीव सफरचंद रस, उरलेलं पाणी, २८ ग्रॅम मीठ, २० ग्रॅम साखर. सोया सॉस घालणार असाल तर लक्षात ठेवा, दोन मोठे चमचे सोया म्हणजे जवळजवळ पाच ग्रॅम मीठ, तेवढं वजा करा. रसात साखर असतेच, म्हणून साखर याहून वाढवू नका. बाहेरची बाजू लवकर काळी पडते, आणि बाफला ओव्हनला तापमानाचं बटण नसलं तर ती काळी पडलेली कळेपर्यंत उशीर होतो. खांदा टोचून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. कोंबडीला चार तास किमान, रात्रभर उत्तम, २४ तासांच्या पुढे नको.

कारखान्यात याच पाण्यात सोडियम फॉस्फेट घालतात, मांसाची पाणी धरायची ताकद वाढते म्हणून. अमेरिकेत तयार मालात त्याची मर्यादा अर्धा टक्का आहे. ते मिठाच्या पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी साध्या पाण्यात फॉस्फेट आणि मग मीठ, असा क्रम असतो. घरी त्याची गरज नाही. जास्त झालं तर मांस रबरी आणि चव साबणासारखी. हॅमसाठीचं नायट्राइटवालं मीठ तर घरी अंदाजाने कधीही वापरू नका, ते चुकलं तर विषबाधा होते.

ग्वाल्हेरची_डॉक्टर

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, पेशाने डॉक्टर. वाचून दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

धागा वाचून कोणी औषधाच्या दुकानातली सिरिंज आणून हा प्रयोग करील म्हणून पहिली विनंती : नको. ती सुई बारीक आणि पातळ असते, हाडाला लागली की वाकते किंवा मोडते आणि तुकडा मांसात राहतो. लहान मुलाच्या घशात गेला तर काय होईल ते सांगायला नको. जनावरांच्या सुयाही नकोत. स्वयंपाकाची जाड स्टीलची सुईच वापरा, आणि टोचायच्या आधी आणि नंतर ती अख्खी आहे ना ते डोळ्यांनी पाहा.

दुसरं. न चिरलेल्या मांसाच्या गाभ्यात सहसा जंतू नसतात, ते पृष्ठभागावर असतात. सुई त्यांना आत घेऊन जाते. म्हणून टोचलेलं मांस मधोमध पूर्ण शिजलंच पाहिजे. कोंबडी सर्वांत जाड भागात ७४ अंश. अमेरिकेत २०११ पासून पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांना ६३ अंश आणि तीन मिनिटं विसावा पुरेसा मानतात, पण तो नियम वाचून कोणी टोचलेला लॉइन (पाठीचा मऊ तुकडा) आतून गुलाबी ठेवू नये. आपल्याकडे ७१ च्या खाली मी तरी जाऊ देणार नाही. डुकराच्या मांसात फीतकृमीच्या अळ्यांची शक्यता असते, त्या नीट शिजवल्यावर मरतात. मेंदूत गाठी होतात त्या मात्र मांसातून नव्हे, कृमीची अंडी पोटात गेल्याने. त्यासाठी भाज्या आणि हात धुणं महत्त्वाचं. रुग्णांच्या घरचे याबाबत नेहमी गोंधळलेले असतात म्हणून इथे लिहून टाकते.

थर्मामीटर घ्या. रस पारदर्शक आला, पाय सहज हलला, या खुणांवर भरवसा ठेवू नका. टोचलेल्या मांसातून पाणी तसंही स्वच्छ येतं.

लोकमान्यनगरकर

डॉक्टरताई, हे फार मोलाचं. थर्मामीटर आजच मागवतो. मी सुईबद्दल हाच विचार करत होतो, कारण दुसरी सुई हरवली तर पर्याय काय असं वाटत होतं. आता कळलं, पर्याय नाही.

प्रत्यक्ष टोचायचं कसं? दोन सुयांपैकी कुठली?

तोलूनमापून (वडोदरा)

पातळ, गाळलेल्या पाण्याला बाजूने भोकं असलेली. टोकाशी मोठं भोक असलेली सुई दाट मसाल्याला असते, तिने सगळं पाणी एका जागी साठतं.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे कोंबडी समोर कापून घेतात. कापल्यावर थोड्या वेळात मांस ताठरतं आणि काही तासांनी पुन्हा सैल होतं. ताठर मांसात सुईही नीट शिरत नाही आणि पाणीही टिकत नाही. सकाळी आणलीत तर धुऊन, पुसून फ्रीजमध्ये ठेवा आणि संध्याकाळी टोचा. दुकानदाराला आधीच सांगा, साल ठेवायचीय. सवयीने तो सालीसकट पिसं ओढून काढतो. साल नसेल तर निम्मं पाणी ताटातच येईल.

लागेल तेवढंच पाणी वेगळ्या वाटीत घ्या. ज्या वाटीत सुई बुडाली ते उरलेलं पाणी फेकायचं, बाटलीत परत ओतायचं नाही.

साल भोसकू नका. मानेच्या बाजूने साल हाताने उचला आणि तिच्याखालून सुई छातीत घाला, थेट आतपर्यंत. मग दट्ट्या हळूहळू दाबत सुई मागे घ्या. बाहेर काढू नका. त्याच भोकातून दिशा बदला, पुन्हा आत, पुन्हा दाबत मागे. पंख्याच्या पात्यांसारखे चार-पाच मार्ग एका भोकातून होतात. दुसरा हात छातीवर ठेवा. पाणी शिरतंय तिथे मांस बोटांखाली फुगून वर येतं, ते स्पष्ट जाणवतं. फुगलेल्या जागी आणखी दाबलं तर पाणी भोकातून उलटं येईल. तिथे थांबायचं. छातीच्या दर बाजूला ३५-४० मिली, मांडीला पोटाच्या पोकळीकडून २० मिली, तंगडीला १० मिली. थोडं गळणारच.

मग जाळीवर ठेवून, न झाकता, फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, खाली ताट ठेवून. खालच्या कप्प्यात एवढ्यासाठी की कच्च्या मांसाचं पाणी दुसऱ्या कशावर टपकू नये. न झाकल्याने साल सुकते आणि भाजल्यावर कडक होते. भाजायच्या आधी दह्याचा मसाला लावणार असाल तर पातळ थर द्या, जाड थराने सालीची वाफच होते.

पिचकारी लगेच पूर्ण उघडा, गरम साबणाच्या पाण्याने धुवा, सुईच्या भोकांतून पाणी जोरात काढा आणि सुई दहा मिनिटं उकळा. रबरी चकतीखाली लसणाचा अंश राहतो, ती काढूनच धुवा.

रामबागेतली_रेवा

आम्ही चोरलला सहलीला जातो तेव्हा कोळशावर भाजतो. टोचलेली कोंबडी गाडीतून नेली तर?

ग्वाल्हेरची_डॉक्टर

बर्फाच्या पेटीत, भरपूर बर्फ, आणि पिशवी पाणबंद. ५ अंशांच्या वर गेलेलं टोचलेलं मांस मी परत थंड करून वापरणार नाही. डिसेंबरात जमेल. मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशी पार करतो तेव्हा हा बेत घरीच करा.

ह्यूस्टनचा_इंदुरी

आणि कोणाच्या मनात केजन पद्धतीने अख्खी तळायचं असेल तर घरात नको. टोचलेल्या पक्ष्यातलं पाणी गरम तेलात पडलं की तेल उसळून ज्योतीवर सांडतं. इथे दर वर्षी अग्निशमनवाले याबद्दल बजावून सांगतात.

लोकमान्यनगरकर

मंडळी, बेत पार पडला. सगळ्यांना वृत्तांत देणं लागतो.

दोन कोंबड्या, एक टोचलेली, एक नेहमीची, मुद्दाम शेजारी शेजारी. पाणी दादांच्या मापाने, आलं-लसूण-मिरीचं. जिरावण वरून. ओव्हनच्या जाळीखाली पाण्याचं ताट ठेवलं, नाहीतर खालची बाजू करपते. छातीत थर्मामीटर ७४ ला आला तेव्हा मांडी ८० च्या वर होती. पंधरा मिनिटं झाकून न ठेवता विसावा दिला.

कापल्यावर फरक डोळ्यांनी दिसला. नेहमीच्या कोंबडीचा काप पांढरा, कोरडा, कडेला चुरा. टोचलेल्या कोंबडीचा काप ओलसर, चकाकणारा, सुरीला चिकटत होता, आणि फळीवर पातळ रस पसरला. मधल्या मांसाला मीठ होतं. आईने तंगडी सोडून छातीचा दुसरा काप मागितला, हे आमच्या घरात प्रथमच. मसाल्याची चव मात्र दोन्हींत सारखीच बाहेर होती, जशी दादांनी सांगितली तशी. आल्या-लसणाचा वास टोचलेल्या मांसात हलका येतो, पण तो शोधावा लागतो.

खांदा मित्राच्या घरी महूला भाजला. साडेतीन तासांनी ९२. काकांनी सांगितलेला सिरक्याचा मसाला बाहेरून. चरबीची टोपी सोनेरी आणि आत काट्याने उसवणारं मांस. सफरचंदाची चव वेगळी ओळखू येत नाही, गोडवा येतो.

एक शंका राहिली. फळीवरचा रस आणि ताटात जमलेलं पाणी ग्रेव्हीला वापरलं तर फार खारट झालं. असं का? आणि हाडांचा रस्सा करायचाय, त्यात काय सांभाळू?

तोलूनमापून (वडोदरा)

वा! शेजारी शेजारी करून पाहिलंत हे सर्वांत उत्तम. असं ताडून पाहिलं की वाद राहत नाही.

ग्रेव्ही खारट होणारच. गळलेल्या पाण्यात मीठ असतं आणि ओव्हनमध्ये ते आटून आणखी दाट होतं. ते पाणी एकट्याने वापरू नका. कांदा-टोमॅटोचं बिनमिठाचं वाटण परता, त्यात चमच्या-चमच्याने घाला, दर वेळी चाखून. हाडांच्या रश्श्यात मीठ शेवटी, आणि हाडाला चिकटलेलं मांस त्यात असेल तर बहुतेक लागणारही नाही. दीड लिटर पाण्यात दोन्ही सांगाडे, कांदा, मिरी, तासभर मंद आच.

महूवाले_काका

आणि त्या रश्श्यात पोर्कची उसवलेली कडक कड थोडी टाक. सकाळी पावाबरोबर खा.

सुदामानगरची_सुगरण

दादा, ती पिचकारी पुढच्या रविवारी मला द्या. पाणी मी गाळून तयार ठेवते, मीठ तोलूनच घेईन.